मोठ्यांचा झगा आखूड केला की मुलाचा होत नाही

ऐतिहासिक प्रसंग उभे करणाऱ्या मंडळींच्या तळावर एक गोष्ट हटकून दिसते. मोठ्यांचे कपडे हाताने शिवलेले, कापड पारखून घेतलेलं, बटणं त्या त्या काळाला धरून. आणि मुलांच्या अंगावर मोठ्यांचाच ड्राफ्ट (कापणीचा आराखडा) निम्म्यावर आणून आदल्या आठवड्यात उरकलेलं काहीतरी. बाह्या दुमडलेल्या, गळा खांद्यावरून घसरलेला, हात वर केला की सगळा झगा छातीपर्यंत चढतो. आज या कपड्यांबद्दल बोलायचं आहे, आणि म्हणणं इतकंच आहे की मुलांचा कपडा कसा बेतायचा हा प्रश्न त्या त्या काळच्या शिवणाऱ्यांनी आधीच सोडवून ठेवलाय. कापड महाग, मूल भराभर वाढणारं, आणि एकच कपडा धाकट्या भावंडांपर्यंत पुरवायचा. त्यांच्या युक्त्या तशाच उचलल्या तर कपडा काळालाही धरून होतो आणि अंगावरही नीट बसतो.

आधी मूल मोजू. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं उंचीच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं असतं. मोठ्या माणसाचं साडेसाताव्या. डोक्याचा घेर ५१-५२ सेंमी, म्हणजे मोठ्यांपेक्षा जेमतेम चार-पाच सेंमी कमी. मान मात्र बारीक, २७-२८ सेंमी. कंबर आणि छाती जवळपास सारखीच, पोट थोडं पुढे. त्यामुळे मोठ्यांचा ड्राफ्ट झेरॉक्सवर लहान केला की कंबर आवळते, गळ्यातून डोकं जात नाही आणि खांदा लोंबतो.

दुसरी गोष्ट वाढीची. चार ते दहा वर्षांत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी उंच होतं, छातीचा घेर मात्र दोन-अडीच सेंमीच वाढतो. सगळं गणित या दोन आकड्यांत आहे. रुंदीत एकदाच १५-१६ सेंमी ढिलाई दिली की तीन वर्षं तिकडे बघावं लागत नाही. लांबी मात्र दरवर्षी सोडायला हवी: गुडघ्यापर्यंतच्या झग्याला वर्षाला तीन-साडेतीन सेंमी, बाहीला अडीच-तीन. म्हणून लांबीची माया, म्हणजे राखून ठेवलेलं जादा कापड, कपड्यातच लपवून ठेवायची. बरेच लोक नेमकं उलटं करतात, ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून सगळीकडूनच मोठं शिवतात, आणि मूल पहिलं वर्षभर तंबूत शिरल्यासारखं दिसतं.

आता प्रत्यक्ष कापणी. उदाहरणाला मध्ययुगीन युरोपातला साधा झगा घेऊ. सगळे तुकडे आयत, चौकोन आणि त्रिकोण असल्यामुळे कापड जवळजवळ वाया जात नाही. मूल ११० सेंमी उंच, छाती ५८, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ६२, मानेच्या मध्यापासून मनगटापर्यंत ५०. शिवणीची माया सगळीकडे दीड सेंमी.

अंगाचा तुकडा एकच, ४० सेंमी रुंद आणि १४४ लांब. छातीत १६ ढिलाई मिळवली की ७४, त्याचे निम्मे ३७, अधिक दोन्ही बाजूंची माया. लांबीत ६२ झगा, २ तळाची दुमड आणि ८ सेंमी टकांसाठी (लांबी लपवायला शिवून घेतलेल्या आडव्या घड्या), ते दुप्पट. हा तुकडा खांद्यावर घडी घालून वापरायचा, खांद्याला शिवण येत नाही. बाह्या दोन, प्रत्येकी ४० लांब, वरच्या टोकाला २८ आणि मनगटाशी २२ रुंद. काखेतले चौबगले दोन, १३ सेंमीचे चौकोन. कळ्यांसाठी, म्हणजे घेर वाढवायला बाजूंना जोडायच्या तिरप्या तुकड्यांसाठी, ३० बाय ४५ चे दोन आयत. ते कोपऱ्यातून कोपऱ्यात कापायचे नाहीत. दोन्ही टोकांना तीन सेंमी सोडून तिरपे कापायचे, म्हणजे टोकाशी शिवणीला जागा उरते. दोन आयतांतून चार कळ्या निघतात आणि तळाचा घेर साधारण १७० सेंमी होतो. पळणाऱ्या मुलाला एवढा घेर हवाच. १४० सेंमी पन्ह्याच्या कापडात हे सगळं दीड मीटरमध्ये बसतं. लिनन पहिल्या धुण्यात चार-पाच टक्के आटतं, म्हणून पावणेदोन मीटर घ्या आणि कापण्याआधी धुऊन, ओलसर असतानाच इस्त्री करा. उरलेल्या तुकड्यात टोपी होते.

कळीच्या दोन कडांपैकी एक सरळ धाग्यावर असते आणि एक तिरपी. तिरपी कड अंगाच्या सरळ कडेला जोडायची आणि पुढच्या-मागच्या कळ्यांच्या सरळ कडा एकमेकींना. दोन तिरप्या कडा एकत्र आल्या की महिनाभरात ती बाजू खाली ओघळते आणि तळ वाकडा दिसतो. सगळं नीट जोडलं तरी तळ दुमडण्याआधी झगा एक रात्र टांगून ठेवा. कापड काय खाली यायचं ते येऊ द्या, मग तळ सारखा करा. लव असलेल्या लोकरी कापडात आणखी एक भानगड आहे. एका आयतातून निघालेल्या दोन कळ्यांची लव उलटसुलट असते आणि उन्हात त्यांचा रंग वेगळा दिसतो. उलट्या लवेच्या दोन्ही कळ्या मागच्या बाजूला लावल्या की कुणाच्या लक्षात येत नाही.

चौबगल्यापाशी जरा थांबतो, कारण मुलांचे सगळ्यात जास्त कपडे तिथेच फाटतात. हा चौकोन काखेत हिऱ्यासारखा बसतो: दोन कडा बाहीला, दोन कडा अंगाला. कडा सरळ धाग्यावर कापलेल्या असतात, पण हात उचलला की ओढ कर्णावर, म्हणजे तिरप्या दिशेने येते आणि कापड ताणलं जातं. सगळी करामत त्या ताणात आहे. आधी सपाट पडलेल्या अंगाला बाही जोडा, बाहीचा मध्य खांद्याच्या घडीवर ठेवून. मग चौबगल्याची एक कड बाहीच्या मागच्या कडेला, काखेच्या टोकापासून सुरू करून. पुढची कड अंगाच्या मागच्या भागाला. कोपऱ्यावर टाका कापडाच्या कडेपर्यंत न्यायचा नाही. जिथे दोन शिवणी भेटतात त्या बिंदूवर नेमका थांबवायचा, दोन उलटे टाके मारायचे, दोरा तोडायचा आणि पुढची कड नव्याने सुरू करायची. टाका माया ओलांडून पुढे गेला की कोपरा चिमटतो, बाहेरून चुणी दिसते, आणि ती सरळ करायला म्हणून कात्री लावली की पहिल्या झोंबाझोंबीत तिथे भोक पडतं. चारही कोपरे झाले की मनगटापासून चौबगल्याच्या टोकापर्यंत बाहीची शिवण, आणि तिथून खाली कुशीची. कळीचं टोक चौबगल्याच्या खाली चार-पाच सेंमीवर येतं.

बसला की नाही हे ओळखायचं कसं? मुलाला दोन्ही हात सरळ वर करायला सांगा. तळ चार-पाच सेंमी वर गेला तर ठीक. मांडी उघडी पडली तर चौबगला लहान आहे, किंवा बाही अंगाला फार खाली उतरवून जोडली आहे. मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, मोठा केला की हात मोकळा होतो असं बहुतेकांना वाटतं आणि म्हणून तो खाली खाली कापला जातो. होतं बरोबर उलटं: मुंढा जितका खाली, तितकं हाताबरोबर सगळं अंग वर ओढलं जातं. मुंढा लहान ठेवा आणि चौबगला मोठा घ्या.

गळ्याला घाई नको. डोकं ५२ आणि मान २८, त्यामुळे नुसता गोल गळा डोक्याच्या मापाने कापला तर तो खांद्यावरून उतरणारच. १२ सेंमी रुंद, पुढे ५ आणि मागे दीड सेंमी खोल असा लंबगोल कापा. कड पाऊण सेंमी आत दुमडली की गळा साधारण ३३ सेंमीचा होतो. पुढे मध्यावर ११ सेंमी चीर दिली की तिच्या दोन्ही कडा मिळून २२ वाढतात, एकूण ५५. डोकं आरामात जातं. चिरेच्या तळाशी, आतून, नखाएवढा लिननचा तुकडा लावून त्यावर पाच-सहा आडवे टाके घाला, नाहीतर चीर पोटापर्यंत जायला वेळ लागत नाही.

आता लपवलेली लांबी. टक दोन सेंमी खोल घेतला की चार सेंमी कापड आत जातं, म्हणजे साधारण एका वर्षाची वाढ. तळापासून पाच-सहा सेंमीवर एकावर एक असे दोन टक, बाहीला एक. हे टक मशीनच्या बारीक टिपेने कधीही शिवू नका. हाताने, चार-पाच मिमीचा धावदोरा, म्हणजे पुढच्या वर्षी एक ओढ मारली की सुटतो. एकोणिसाव्या शतकातल्या मुलींच्या झग्यांवर असे टक उघड, नक्षीसारखे मिरवत असत, तेव्हा तिथे ते दर्शनी बाजूला घ्या. आधीच्या काळासाठी ते आतून घ्या किंवा पट्ट्याखाली झाकले जातील असे कमरेशी घ्या. टक सोडल्यावर दोन गोष्टी दिसतात. एक, घडीची रेघ: पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन, त्यात भिजवलेलं फडकं वर ठेवून इस्त्री केली की ती बरीच जाते, आधी आतल्या कोपऱ्यावर रंग टिकतो का ते पाहा. दुसरी, न विटलेल्या रंगाचा पट्टा. त्यावर उपाय नाही आणि करूही नये. जुन्या कपड्यांवर असेच पट्टे दिसतात.

कापड निवडताना आतला कपडा आणि बाहेरचा कपडा वेगळे धरा. आत चौरस मीटरला १३० ते १७० ग्रॅम वजनाचं, न रंगवलेलं लिनन. ते उकळत्या पाण्यात धुता येतं आणि घाम तिथेच अडतो. बाहेर २५० ते ३५० ग्रॅमचं लोकरी कापड. त्याहून जाड घेतलं तर मुलाचं कोपरच वाकत नाही. एका लोकरी झग्यामागे आतले दोन कपडे शिवा, लोकर मग वर्षातून एकदा धुतली तरी चालते. लोकर आटवायची असेल तर आधी ३० सेंमीचा चौकोन ४० अंशांवर धुऊन मोजा. काही कापडं दहा-पंधरा टक्के आटतात, काही हलतही नाहीत. आटलेल्या, घट्ट झालेल्या कापडाच्या कडा उसवत नाहीत, त्यामुळे आतली शिवण उघडून साध्या टाक्याने बसवली की झालं.

कापडात सिंथेटिक धागा आहे की नाही हे विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नका. धागा चिमट्यात धरून पेटवा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, राख बोटाने चुरडते आणि ज्योत बाजूला केली की बहुधा ती आपली आपण विझते. लिनन-सुती कागदासारखं जळतं. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. तळावर चुली आणि शेकोट्या असतात. वितळलेलं कापड त्वचेला चिकटतं, म्हणून मुलांच्या अंगावर ते नकोच. विस्तवाजवळ बाहेरचा थर लोकरीचाच असू द्या, आणि रुंद तोंडाच्या लोंबत्या बाह्या, चित्रात कितीही छान दिसल्या तरी, टाळा.

रंगाबद्दल दोनच वाक्यं. १८५६ मध्ये विल्यम पर्किनला कृत्रिम जांभळा रंग सापडला; त्याआधीच्या काळासाठी नीळ, मॅडर या झाडाच्या मुळांचा तांबडा, वनस्पतींचा पिवळा आणि त्यांच्या मिश्रणांत राहा. आणि मुलीला गुलाबी, मुलाला निळं ही वाटणी विसाव्या शतकातली आहे, ती मागे नेऊ नका.

आता कोणी काय घालायचं. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्याच्या अखेरीपर्यंत युरोपात लहान मुलगेही झगेच घालत. चार ते सात वर्षांच्या दरम्यान केव्हातरी त्यांना पहिली विजार मिळे. मुलगा आहे म्हणून तीन वर्षांच्या पोराला विजार-जाकीट शिवायची धडपड इथेच थांबवा. झगा काळाला धरून आहे आणि शी-शूच्या वेळी त्याच्याइतकं सोयीचं काही नाही. मध्ययुगातले, दोऱ्यांनी कमरेला बांधायचे पायमोजेही लहानांना देऊ नका. त्या गाठी घाईच्या वेळी त्यांना सुटत नाहीत. मध्ययुगीन बेत पाहायचा असेल तर ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीत १९२१ मध्ये पुरातत्त्वज्ञ पोल नॉर्लुंड यांनी उत्खनन करून काढलेले कपडे पाहावेत. त्यांत मुलांचेही आहेत, आणि कळ्या कशा घातल्या आहेत ते त्यांवरून नीट कळतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस मुलग्यांसाठी आखूड जाकीट आणि त्यालाच बटणांनी अडकवलेली लांब विजार आली. ही दिसायला सोपी आणि शिवायला फसवी. बटणं जाकिटावर, काजं विजारीच्या पट्ट्याला. विजार अंगाबरोबर मापली तर मूल खाली बसताच बटणं तुटतात, कारण पाठ वाकली की मागची लांबी वाढते. मागच्या बाजूला किमान चार सेंमी जादा उंची द्या आणि ती चुण्यांत घ्या. जाकिटावर बटणांखाली लिननची पट्टी आतून लावा. पुढच्या वर्षी बटणं दोन सेंमी खाली सरकवता येतात. १८४६ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राचं खलाशी वेषातलं चित्र विंटरहाल्टर या चित्रकाराने काढलं, आणि पुढे तो वेष मुलांमध्ये सर्वत्र पसरला. त्यामुळे १८२० च्या प्रसंगात खलाशी सूट दिसला की जाणकार हसतात. मुलींच्या बाबतीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झग्याची लांबी वयाप्रमाणे उतरत जाते: लहानीचा गुडघ्याखाली, मोठीचा घोट्याकडे. पाच वर्षांच्या मुलीला जमिनीपर्यंत झगा हे त्या काळालाही पटलं नसतं, आणि जिन्यावरून पडायला तेवढं पुरतं. अठराव्या शतकातल्या मुली ताठ चोळ्या घालत हे खरं, पण सात वर्षांखालच्या मुलीला हाडं किंवा पट्ट्या घातलेली चोळी देऊ नये. दोन थर लिननमध्ये दोरी शिवून केलेली चोळी तोच आकार देते आणि तिला धावता येतं.

बंद करायच्या तऱ्हा काळाप्रमाणे पाहा. झिप १९१३ नंतरची, दाबाची बटणं १८८५ ची, धातूची आयलेट (दोरी ओवायच्या भोकाची कडी) १८२० च्या दशकातली. त्याआधी हाताने केलेली भोकं: टोच्याने धागे बाजूला सारायचे, कापायचे नाहीत, आणि मेण लावलेल्या दोऱ्याने भोवती बारा ते सोळा टाके. कापलेलं भोक दोन महिन्यांत फाटतं, सारलेलं वर्षानुवर्षं टिकतं. मध्ययुगीन झग्याला त्याच कापडाची बटणं करता येतात: अडीच-तीन सेंमीचा गोल, कडेने धावदोरा, उरलेली कातरण आत कोंबून आवळायचा. बटण कापडाच्या अगदी कडेवर बसवायचं, आत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना बटणच नको. आणि जुन्या पद्धतीच्या ओतीव बटणांत शिसं असू शकतं. मुलं बटणं चघळतात, तेव्हा शिसंमुक्त असल्याची खात्री नसेल तर लावू नका.

गळ्याशी दोरी ही सगळ्यात धोक्याची जागा. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी आणि डोक्यावरच्या टोपीला नाडी चालत नाही, आणि ऐतिहासिक पोशाख आहे म्हणून फास कमी घट्ट बसत नाही. टोपीचे बंद हनुवटीखाली बांधायचेच असतील तर एक बंद टोपीला पक्का शिवू नका, साध्या दोऱ्याच्या दोन टाक्यांवर ठेवा. फांदीत अडकला तर टाका तुटावा, मूल लटकू नये. अंगावरच्या शालीला गाठीऐवजी सहज सुटणारा आकडा. सतराव्या-अठराव्या शतकातल्या लहानग्यांच्या पाठीवरचे लांब पट्टे घोड्यांच्या आणि गाड्यांच्या जवळ नेताना काढून ठेवा.

हात की मशीन, हा प्रश्न बऱ्याच जणांनी लिहून दिलाय. एलियस हाउचं शिवणयंत्राचं पेटंट १८४६ चं, सिंगरचं १८५१ चं. काटेकोर मोजायचं तर त्याआधीच्या प्रसंगाला सगळं हातानेच हवं. पण वर्षाला एक झगा लहान होत असताना ते पेलत नाही. लांब आतल्या शिवणी मशीनवर मारा. गळा, तळ, बाहीची कड, काजं हाताने करा, कारण बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. एक गोष्ट मात्र अजिबात नको: ओव्हरलॉक, म्हणजे कड उसवू नये म्हणून मशीनने तिच्याभोवती घातलेली गुंफलेली टीप. मुलं कोलांट्या मारतात, झगा उलटा होतो आणि आतली सगळी शिवण जगाला दिसते. लिननमध्ये एक कड दुसरीवर दुमडून सपाट शिवा, दोन्ही बाजूंनी स्वच्छ दिसतं.

दुसरा प्रश्न जुळ्या मापांचा: मूल नेमकं दोन मापांच्या मध्ये असेल तर? छाती आजच्या मापाने घ्या, लांबी पुढच्या. आणि प्रसंगाच्या तीन आठवडे आधी पुन्हा मोजा. फरक लांबीतच पडलेला असेल, त्याला एक टक सोडायचा. त्याला अर्धा तास लागतो.